दोन काचांमधली लोकर

॥ प्रभूची कृपा ॥
कायानी,
ता. १० ऑक्टोबर १९५४

चि. एल्लीस हेल्वीताईचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून तोंड फुगवून बसू नकोस. गेले पंधरा दिवस घर थंडीला तयार करण्यात गेले. तुला औलूच्या त्या नव्या इमारतीत काय कळणार म्हणा! तिथे भिंतीतल्या नळ्या आपोआप तापतात आणि तुम्ही बेकरीतल्या मुली बिनबाह्यांच्या पोलक्यात कॉफी पीत बसता. आमच्याकडे ज्याने ऑक्टोबरात आळस केला तो जानेवारीत कुडकुडला, हा न्याय.

लाकडं रचून झाली. बटाटे तळघरात गेले. घराच्या पायाभोवती लाकडाचा भुसा दाबून वर देवदाराच्या फांद्या टाकल्या. धुराड्यात झाडूवाला येऊन गेला आणि माझ्या धुतलेल्या पायऱ्यांवर काजळीचे पाय उमटवून गेला. मी काही बोलले नाही, मनातल्या मनात बोलले. ह्यांची जंगलतोडीची छावणी सुरू झालीय, हे आता शनिवारीच घरी असतात. मागच्या शनिवारी ह्यांना धरून माळ्यावरून हिवाळ्यापुरत्या लावायच्या आतल्या खिडक्या खाली काढल्या, व्हिनेगर लावून पुसल्या आणि बसवल्या. जुन्या भिंतकागदाचे तुकडे जपून ठेवले होते, त्यांच्या पट्ट्या कापून राय धान्याच्या पिठाच्या खळीने सगळ्या फटी बंद केल्या. विकतची पट्टी एकसुद्धा लागली नाही. वरची हवेची झडप तेवढी मोकळी.

आणि यंदा आमच्या खिडक्या बघशील तर बघत राहशील. तुला ठाऊक आहे, आमच्या लोवीसावन्सं दरवर्षी कोरपिवाऱ्याहून बसबरोबर एक गोणी पाठवतात. त्यांच्या माळरानावरचं पांढरं शेवाळ वाळवून, निवडून. तेच मी दोन काचांच्या मध्ये तळाशी अंथरते, म्हणजे वारा अडतो आणि ओल शोषली जाते. यंदा गोणी आली, उघडून बघते तर आत लोकर! पांढरीस्वच्छ, धुतलेली, पिंजलेली. वन्संचे गुडघे आता रानात वाकत नाहीत, डोळ्यांनाही धुकं दिसतं. तेव्हा घरात उरलीसुरली होती ती दिली असेल धाडून. वर्षभर कवडी कवडी जपणारी बाई म्हातारपणी उधळी झाली म्हणून मला हसूही आलं. हे म्हणाले, हेल्वी, ही फार मऊ आहे गं, खिडकीला कशाला घालतेस? मी म्हटलं, झाडं तोडणाऱ्याने झाडं तोडावीत. गोणी तीच, गाठ तीच, महिना तोच. मग काम दुसरं कुठलं असणार? वर लाल फळांचे घोस मांडले, कोपऱ्यात ओल ओढायला मिठाची वाटी ठेवली. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबून बघतात.

माझी तब्येत बरी आहे. फेब्रुवारीत म्हणतात. इतक्या वर्षांनी देवाने ओटी भरलीय, त्यामुळे मी जास्त बोलत नाही, न जाणो. तू रोज प्रार्थना म्हणतेस का? का नळीला टेकून झोपतेस?

तुझी काळजी करणारी,
हेल्वीताई

•

कोरपिवारा,
ता. २४ ऑक्टोबर

चि. सौ. हेल्वीस लोवीसाचे अनेक आशीर्वाद. यालमारीसही.

वि. वि. पत्र नेहमीप्रमाणे दुकानात बसून सान्नीकडून लिहवून घेत आहे. (तुमच्या वन्सं सांगतात तसं उतरवतेय. माझं बोट मासा कापताना कापलं होतं म्हणून पंधरा दिवस उशीर झाला, त्यांचा दोष नाही. — सान्नी.)

गोणी पोचली असेलच. यंदा शेवाळ गोळा करणं जमलं नाही, तेव्हा खिडक्यांना दुकानातला कापूस आण. पैसे जातील, पण इलाज नाही. गोणीत आहे ती लुमीची शेवटची लोकर. लुमी वसंतात गेली. म्हातारी झाली होती, माझ्यासारखीच, पण माझ्याहून शहाणी. तिच्या मागे मी दुसरी मेंढी आणली नाही. ही लोकर मी अख्खा उन्हाळा बसून पिंजली. डोळ्यांची गरज नव्हती, बोटांना कळतं. आता सूत काढणं मात्र मला होत नाही, आणि आमच्या आईचा चरखा तुझ्याकडेच आहे. तेव्हा तू सूत काढून येणाऱ्या बाळाला पांघरूण विण. आई गेली तेव्हा यालमारी नऊ महिन्यांचा होता. त्याला मी घरच्या लोकरीतच वाढवला, आणि लुमी त्याच मेंढ्यांच्या वंशातली. त्याचं मूलही तिच्यात गुंडाळलं जावं, एवढी एकच हौस राहिलीय. बाकी मला काही नको.

नाताळात येईन म्हणते. बसवाला हात धरून चढवतो. पांघरूण तोवर झालं असेल तर हाताने बघेन. (तुमच्या वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी सांगितलेलं नाही, मी लिहिलं. — सा.)

देव तुझं रक्षण करो. जास्त वजन उचलू नकोस, आणि यालमारीवर उगाच खेकसू नकोस.

तुझी,
लोवीसा

•

॥ प्रभूची कृपा ॥
कायानी,
ता. ३० ऑक्टोबर

ती. वन्संस सौ. हेल्वीचा शि. सा. न.

वि. वि. आपलं पत्र पोचलं. गोणीही वेळेवर पोचली. लोकर फार मऊ आहे. काम चालू आहे. इकडे पहिला बर्फ पडला. हे बरे आहेत. नाताळात आपण याल म्हणून आनंद वाटतो. प्रकृतीस जपावं. सान्नीबाईंचं बोट बरं झालं असेल.

आपली आज्ञाधारक,
हेल्वी

•

कायानी,
ता. ७ नोव्हेंबर

चि. एल्लीस अ. उ. आ.

हे पत्र वाचून चुलीत टाक.

वन्संचं पत्र सोबत पाठवतेय ते वाच, म्हणजे मला पुन्हा लिहावं लागणार नाही. माझ्याच्याने लिहवणार नाही. वाचलंस? आता उठून माझ्या खिडक्या डोळ्यांपुढे आण. प्रत्येक खिडकीत, दोन काचांच्या मध्ये, रस्त्याला दिसेल असं, वन्संचा अख्खा उन्हाळा पसरून ठेवलाय मी.

त्यांना मी काय लिहिलं ते ऐक. काम चालू आहे! माझ्या हाताने, माझ्या पेनाने. एल्ली, मी तुला लहानपणी साखरेच्या एका खड्यापायी खोटं बोललीस म्हणून कोपऱ्यात उभी केली होती. मला कोण उभं करणार?

तू म्हणशील, मग खरं लिहायचं. अगं, लिहायला बसलेही होते. पण वन्सं स्वतः वाचू शकत नाहीत. पत्र येतं दुकानात, सान्नीबाई गल्ल्यामागे उभी राहून मोठ्याने वाचते, आणि मीठ घ्यायला आलेलं, रॉकेल घ्यायला आलेलं सगळं कोरपिवारा ऐकतं. त्या बाईच्या तोंडाला झाकण नाही. दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायरीवर तेच. मी मॅट्रिक झालेली, प्रार्थनेच्या बैठकीत वचनं वाचून दाखवणारी, काटकसरीचे धडे देणारी! शहरातल्या भावजयीने म्हातारीची लोकर खिडकीत कोंबली, हे त्यांनी वर्षभर चघळलं असतं. आणि वन्संना ते चारचौघांत ऐकावं लागलं असतं. खरं सांगायचं तर वन्संचं मला नंतर सुचलं. आधी माझंच सुचलं.

मागच्या मंगळवारी सुरी घेऊन छोट्या खोलीतल्या खिडकीची एक पट्टी खरवडली. भिंतीचा रंगही सोबत निघाला. चौकट जेमतेम बोटभर सरकली तर बाहेरची थंडी अशी आत आली की दिवा विझला. बोटं घालून बघितलं. लोकर काचेला गोठून चिकटलेली, मिठाचं पाणी तिच्यात उतरलेलं, आणि लाल फळं गोठून फुटल्याने गुलाबी डाग. मी चोरासारखी परत खळ केली आणि पट्टी चिकटवली. एकदा बंद केलेल्या खिडक्या मेआधी कोणी उघडत नाही. घरात मूल यायचं आणि मी भर थंडीत चौकटी काढून बसले असते, तर ह्यांनी कारण विचारलं असतं. ह्यांना काही ठाऊक नाही. वन्संचं पत्र मी ह्यांना अर्धंच वाचून दाखवलं.

काल आमच्याकडे बैठक होती. थोरले पीटरी आजोबा गीत संपल्यावर खिडकीकडे बघून म्हणाले की या घराच्या खिडक्यांसारखं माणसाचं अंतःकरण शुभ्र असावं. बायकांनी माना डोलावल्या. मी पाव कापण्याच्या निमित्ताने आत निघून गेले.

तूच सांग काय करू. हसू मात्र नकोस.

तुझी,
हेल्वी

•

औलू,
ता. १५ नोव्हेंबर

ती. ताईस एल्लीचा सा. न.

वि. वि. पत्र चुलीत टाकायला माझ्याकडे चूल नाही, नळी आहे, हे तूच त्याआधीच्या पत्रात हिणवून लिहिलं होतंस. तेव्हा ते माझ्या गादीखाली आहे.

हसू नकोस म्हणालीस. पीटरी आजोबांपर्यंत मी धरलं होतं, तिथे सुटलं. बेकरीत सगळ्यांनी विचारलं काय झालं. सांगितलं नाही, घाबरू नकोस.

आता नीट ऐक. चूक झाली ती चूक होती. गोणी तीच, गाठ तीच. कुणीही हेच केलं असतं. त्याची लाज वाटायचं कारण नाही. लाज त्या दोन शब्दांची, "काम चालू". ते मात्र तू झाकू नकोस. मी तुला ओळखते. तू आता बाजारातून दुसऱ्या मेंढीची लोकर आणशील, दिवसरात्र चरखा फिरवशील, आणि पहिल्या पांघरुणावर दुसरं पांघरूण घालशील. करू नकोस. भाओजींना सांग. ते भले आहेत, शनिवारी सौनाच्या गरम वाफेत बसल्यावर माणूस तसाही रागवत नाही. मग ते स्वतः जाऊन बहिणीला सांगतील, सान्नीबाईच्या गल्ल्यावरून जायला नको.

मला लोकर पाठव म्हणून लिहिशील तर पाठवणार नाही. कॉफी पाठवतेय, अर्धा किलो, खरी. ती वन्संसाठी राखून ठेवायची नाही, तू प्यायची.

प्रार्थना म्हणते गं बाई. परवा तुझ्यासाठीच म्हटली, आणि मध्येच पुन्हा हसू आलं.

तुझी खोडकर,
एल्ली

•

॥ प्रभूची कृपा ॥
कायानी,
ता. २८ डिसेंबर

चि. एल्लीस अ. उ. आ.

तू सांगितलंस ते मी काही केलं नाही. तू करू नकोस म्हणालीस ते सगळं केलं.

बाजारात सोतकामोहून येणाऱ्या बाईकडून पांढरी लोकर घेतली. महिन्याच्या हिशेबात ती कुठे मांडावी कळेना, शेवटी दिवाबत्तीत मांडली. पहिल्यांदाच मांडलं असं. रोज संध्याकाळी सासूबाईंच्या चरख्यावर सूत काढलं. बोटं सोलली. एल्ली, खरं काम करताना कधी इतकी मन लावून बसले नसेन. नक्षी घातली, कडेला जाळी विणली, आणि वन्सं यायच्या आदल्या दिवशी पांघरूण पूर्ण झालं.

त्या आल्या. बसवाल्याने हात धरून उतरवलं. जवळजवळ काहीच दिसत नाही त्यांना आता, उजेड आणि सावली तेवढी कळते. मला आधी काही वाटलं असेल तर हायसं वाटलं. हे तुला सांगताना माझं मलाच ओशाळं होतंय. बाईचे डोळे गेले, आणि मला हायसं वाटलं.

सौना झाला, दिवे लावले, जेवायला बसलो. मी पांघरूण त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही तळवे त्यावरून फिरवले. मग अंगठा आणि बोट यांत एक काठ धरून चोळला. बराच वेळ. नंतर म्हणाल्या की वीण फार छान झालीय, हेल्वीचा हात सफाईचा. एवढंच. लुमीचं नाव घेतलं नाही. मी जाणलं, आणि लापशी वाढायला उठले.

तेवढ्यात हे, सरळ माणूस, पोटभर हॅम खाऊन खुशीत, बहिणीला म्हणाले की ताई, यंदा गोणीत काय सुंदर लोकर पाठवलीस गं, आमच्या खिडक्या बघून लोक थांबतात, मी हेल्वीला म्हणतही होतो की खिडकीला इतकी मऊ कशाला. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. लापशीचा थेंब मेजपोसावर पडलेला ऐकू आला. हे बघताहेत एकदा माझ्याकडे, एकदा पांघरुणाकडे. आता ह्यांना कळणार, आता विचारणार.

आणि वन्सं म्हणाल्या, की अरे वेड्या, मीच कळवलं होतं तिला. लोकर जास्त होती, तेव्हा निम्मी खिडक्यांना घाल म्हणून मीच सांगितलं. तू झाडं तोड, बायकांच्या कामात नाक घालू नकोस.

हे हसले. म्हणाले, हेल्वीही असंच म्हणते. आणि लापशीत दडवलेला नशिबाचा एकुलता बदाम आपल्याच वाटीत आला म्हणून लहान मुलासारखे ओरडले.

एल्ली, ती बाई जन्मात खोटं बोललेली नाही. युद्धाच्या दिवसांत साखर लपवली का म्हणून अधिकारी विचारायला आले, तर हिने स्वतः नेऊन लपवलेली जागा दाखवली होती. अजून सगळे त्यावरून चिडवतात. ती नाताळच्या संध्याकाळी, दिव्यासमोर, माझ्यासाठी खोटं बोलली. माझं पाप मी केलं ते केलं, तिच्याही पदरात घातलं.

त्या छोट्या खोलीत झोपल्या, मी पट्टी खरवडली त्याच खिडकीखाली. सकाळी कॉफी घेऊन गेले तर उठून उभ्या होत्या. एक तळहात काचेवर टेकवून. जसा गोठ्यात जाऊन मेंढीच्या पाठीवर ठेवावा तसा. मी दारातच थांबले. पाय धरावेत असं वाटलं आणि धरले नाहीत. कॉफी थंड होतेय, म्हटलं. हो, म्हणाल्या, आणि हात काढला.

काल गेल्या. पांघरूण घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, पोराला ऊब येईल, कुठल्या मेंढीने कुणाचं वाईट केलंय?

मला काही सुचत नाही. गीतपुस्तक उघडलं की डोळे ओळीवरून घसरतात.

हेल्वी

•

॥ प्रभूची कृपा ॥
कायानी,
ता. ६ जानेवारी १९५५

ती. वन्संस सौ. हेल्वीचा शि. सा. न.

सान्नीबाई, आधी तुम्हाला विनंती. हे पत्र मोठ्याने वाचा. गल्ल्याशी कोणी असेल तर असू द्या. मधला शब्द गाळू नका, माझी दया येऊन मवाळ करू नका.

वन्सं, नाताळात मी तुमच्या मांडीवर ठेवलं ते पांघरूण लुमीच्या लोकरीचं नाही. सोतकामोच्या बाईकडून विकत घेतलेल्या लोकरीचं आहे. तुम्हाला ते कळलं, हे मला कळलं, आणि तरी मी लापशी वाढत राहिले. लुमीची लोकर सगळीच्या सगळी खिडक्यांत आहे. तुमचं पत्र येण्याआधी घातली, शेवाळाऐवजी आहे असं समजून. ते अजाणता झालं. पण पत्र आल्यावर "काम चालू आहे" असं लिहिलं, ते जाणूनबुजून लिहिलं. तेव्हा चरखा माळ्यावर होता.

का लिहिलं, तेही सांगते. दुकानात हे पत्र वाचलं जाईल आणि लोक हसतील, याची मला भीती वाटली. तुमच्या मनाला काय वाटेल यापेक्षा कोरपिवारा काय म्हणेल, हे मला मोठं वाटलं. म्हणून आता त्याच दुकानात वाचलं जावं असं म्हणते. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं, मी त्याच लायकीची आहे.

ह्यांना मी शनिवारी सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. उठून गेले आणि अंधारात लाकडं फोडत राहिले, गरज नव्हती तरी. परत आल्यावर म्हणाले की ताईला आयुष्यात एकदाच खोटं बोलावं लागलं, तेही माझ्या घरात. तेव्हापासून फारसं बोलत नाहीत.

लोकर खराब झालीय. मिठाचं पाणी उतरलंय, फळांचे डाग पडलेत. मला तुम्ही क्षमा करा असं लिहिण्याचं धाडस होत नाही. एवढंच मागते की दिवस भरण्याआधी हे मनावरून उतरावं. याच ओझ्यासकट प्रसूतीच्या खाटेवर जायचं म्हणजे मला भीती वाटते.

तुम्ही ह्यांना आईसारखं वाढवलंत. मी तुमच्या आईपणावर पट्ट्या चिकटवल्या.

आपली अपराधी,
हेल्वी

•

कोरपिवारा,
ता. २० फेब्रुवारी

चि. सौ. हेल्वीस व चि. बाळीस लोवीसाचे अनेक अनेक आशीर्वाद.

वि. वि. मुलगी झाल्याचं यालमारीने कळवलं. तुझं पत्र जानेवारीतच मिळालं होतं. उत्तर लगेच दिलं नाही, कारण मी रागावले होते. सान्नी म्हणत होती की बाळंतपण झाल्यावर गोड लिहा. मी म्हटलं गोड नाही, जसं आहे तसं लिही.

वाईट वाटलं. फार वाटलं. ती सबंध उन्हाळ्याची बैठक होती. प्रत्येक पेळू पिंजताना मी बाळाशी बोलत होते, आणि ते बोलणं खिडकीत थंडीत पडलंय असं समजल्यावर माझं पोट तुटलं. पांघरूण हातात घेताच कळलं होतं. परक्या मेंढीची लोकर बोटाखालून निसटते, लुमीची धरून ठेवते. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण एक सांगते. त्या छोट्या खोलीत मी दर हिवाळ्यात झोपलेय आणि दर वेळी माझ्या उजव्या गुडघ्याला फटीतला वारा लागायचा. यंदा लागला नाही. सकाळी उठून काचेला हात लावला तेव्हा मी तिला म्हटलं, लुमे, तू मेल्यावरही राबतेसच.

माझीही चूक आहे. शेवाळाच्या गोणीत लोकर भरली आणि आत एक चिठ्ठी घातली नाही. सान्नीचं बोट बरं होईपर्यंत थांबले, दुसऱ्या कुणाकडून लिहवून घ्यायला मला कमीपणा वाटला. म्हणजे लोक काय म्हणतील, हा रोग तुझ्या एकटीचा नाही.

राहिलं खोट्याचं. मी तुझ्यासाठी बोलले हे खरं. पण तुझ्यापेक्षा यालमारीसाठी बोलले. नाताळच्या दिवशी त्याने बायकोकडे तसं बघू नये म्हणून. देवाकडे मला तुझ्या आधी जायचंय. तेव्हा तिथे पोचल्यावर दोघींचं मीच मागून घेईन. तू तोवर तुझं रोज मागत राहा, मला तेवढंच ओझं कमी. आणि यालमारीला सांग, बोलत नाहीस म्हणे. लहानपणीही असाच फुगायचा, वाटीभर दूध दिलं की उतरायचा.

खिडक्या मेमध्ये उघडाल तेव्हा मी येईन. लोकर टाकू नकोस. तू कोमट पाण्यात धू, चोळू नकोस, मी पुन्हा पिंजते. डाग जाणार नाहीत. नाही गेले तर ती कड बाळीच्या पायाशी येईल अशी विण, तोंडाशी नको. तोवर तिला ते सोतकामोचंच पांघर. थंडी कुणाची मेंढी ते विचारत नाही.

यालमारीने लिहिलंय की नाव काय ठेवायचं ते मी सांगावं. लुमी ठेवू नका, लोक हसतील. दुसरं मी येऊन सांगेन.

तुझी,
लोवीसा

(सौ. हेल्वीताईंस सान्नीचा नमस्कार. तुम्ही मोठ्याने वाचा म्हणून लिहिलं होतं. मोठ्याने वाचलं, एक शब्दही गाळला नाही. दुकानात तेव्हा चारजण होते. त्यांना आधी घरी पाठवलं आणि दाराला आतून कडी लावली. कडी लावू नका असं तुम्ही कुठे लिहिलं नव्हतं.)